फी स्वस्त, थांबणं महाग

बारावीचा निकाल लागला की सिल्लोडच्या घराघरांत पुढचे पंधरा दिवस एकच विषय असतो. डी. फार्मसी की नर्सिंग, बी. एस्सी. अ‍ॅग्री की पोलीस भरतीची अकॅडमी, संभाजीनगरला खोली घ्यायची की गावातून एसटीने जा-ये करायची. या यादीत मानवशास्त्राचं नाव सहसा येत नाही. एखाद्या मुलीने ते घेतलंच, तर घरातून पहिला प्रश्न येतो, ‘म्हणजे लेण्यांचं काही असतं का ते?’ हा प्रश्न साहजिक आहे. अजिंठा गाव याच तालुक्यातलं आणि लेणी १९८३ पासून जागतिक वारशाच्या यादीत, तेव्हा माणसाचा अभ्यास म्हटलं की इथे लेणीच डोळ्यांसमोर येणार. पण लेणी हा पुरातत्त्वाचा प्रांत. मानवशास्त्राचा मुख्य विषय आज जगणारी माणसं हा आहे. ती सोयरीक कशी जुळवतात, कोणत्या दैवताला नैवेद्य दाखवतात, जमिनीची वाटणी कशी करतात, आजाराचं कारण काय मानतात, आणि त्यांच्या शरीराची ठेवण पिढ्यान् पिढ्या कशी घडत आली, हे समजून घेणं म्हणजे हा विषय. स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासक्रमात याच विषयाला मानववंशशास्त्र म्हणतात. घरातून येणारा दुसरा प्रश्न मात्र जास्त अवघड असतो: याला लागणार किती आणि शिकून पोट भरणार का?

या प्रश्नाला सहसा दोन उत्तरं मिळतात. एक म्हणजे, आवड असेल तर पैशाकडे पाहू नये. दुसरं म्हणजे, या विषयाला नोकरी नाही, तेव्हा नादाला लागू नये. दोन्ही उत्तरं हिशेब न मांडता दिलेली आहेत. हिशेब मांडला की वेगळीच गोष्ट दिसते. आपल्याकडे मानवशास्त्राची पदवी महाग नाही, पदवीनंतरचं थांबणं महाग आहे. आणि या विषयाच्या नावाच्या खुर्च्या थोड्या असल्या तरी या विषयाचं काम थोडं नाही. ते काम दुसऱ्या नावांच्या पाट्यांखाली चालतं. हे दोन मुद्दे खरे असतील, तर पदवी घ्यावी की नाही हा प्रश्न मागे पडतो. ती कशी घ्यावी आणि कुठे थांबावं, हा प्रश्न पुढे येतो.

आधी एक उसना सल्ला बाजूला ठेवायला हवा. मानवशास्त्र शिकून उपाशी राहाल, हे वाक्य आपल्याकडे बरंचसं अमेरिकेतल्या चर्चेतून आलं आहे. २०११ च्या ऑक्टोबरमध्ये फ्लोरिडाचे गव्हर्नर रिक स्कॉट यांनी जाहीरपणे सांगितलं, की आपल्या राज्याला आणखी मानवशास्त्रज्ञांची गरज नाही, पैसा विज्ञान आणि अभियांत्रिकीवर खर्च व्हावा. त्यांची स्वतःची मुलगी मानवशास्त्राची पदवीधर होती, त्यामुळे ते विधान खूप गाजलं. पण तिथला वाद मुळात शैक्षणिक कर्जाचा आहे. भरमसाट फी, ती भरायला काढलेलं कर्ज आणि पुढची कित्येक वर्षं चालणारे हप्ते, असा तिथला हिशेब असतो. सरकारी विद्यापीठात एम. ए. करणाऱ्या सिल्लोडच्या मुलीच्या डोक्यावर असं कर्ज नसतं. तिच्यावर असतो तो वर्षांचा बोजा, आणि तो कुठल्याही पासबुकात दिसत नाही.

तो बोजा आकड्यांत मांडून पाहू. आकडे गृहीत धरलेले आहेत, प्रत्येकाने आपल्या घराप्रमाणे बदलून घ्यावेत. समजा, पदवीनंतर दोन वर्षांच्या एम. ए.साठी एक मुलगी पुण्याला गेली. कॉट, मेस, प्रवास आणि पुस्तकं मिळून महिन्याला १०,००० रुपये धरले, तर दोन वर्षांचे २ लाख ४० हजार होतात. याच काळात तिने महिना १५,००० रुपयांची नोकरी केली असती असं मानलं, तर बुडालेली कमाई ३ लाख ६० हजार. एकूण झाले ६ लाख. आता समजा, एम. ए. झाल्यावर ती पुण्यातच थांबली. सकाळी अभ्यासिका, दुपारी मेस, संध्याकाळी पुन्हा अभ्यासिका, आणि नेट, सेट, राज्यसेवा, केंद्रीय सेवा यांपैकी जी जाहिरात येईल ती परीक्षा. अशी तीन वर्षं गेली. राहण्या-जेवण्याचे ३ लाख ६० हजार, बुडालेल्या कमाईचे ५ लाख ४० हजार, एकूण ९ लाख. म्हणजे पदवीपेक्षा दीडपट खर्च पदवीनंतरच्या थांबण्यावर झाला, आणि त्या तीन वर्षांची गुणपत्रिकाही कुणी दिली नाही.

सरकारी मदत कुठे मिळते तेही या हिशेबात पाहायला हवं. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. तिच्यात पुण्यासारख्या शहरासाठी वर्षाला ६०,००० रुपयांपर्यंत मदत ठरलेली आहे. अनुसूचित जमातींसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आणि इतर मागासवर्गीयांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना याच धर्तीवर आहेत. पात्र ठरलेल्या विद्यार्थिनीला दोन वर्षांत १ लाख २० हजार मिळाले, तर वरच्या हिशेबातला राहण्या-जेवण्याचा निम्मा खर्च सुटतो. पण या योजना प्रवेश घेतलेल्यांसाठी असतात. हातात पदवी आणि समोर नुसती वाट, अशा वर्षांना त्यांचा आधार नाही. मदत स्वस्त भागाला मिळते आणि महाग भाग घर सोसतं. मिरचीचा भाव पडलेल्या वर्षीही दर महिन्याला पुण्याला पैसे पाठवणाऱ्या बापाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

मग इतक्या जणांना थांबावं का लागतं? कारण मानवशास्त्रज्ञ अशी पाटी असलेल्या जागा मोजक्या आहेत आणि त्या कधी भरल्या जातील याची खात्री नसते. भारतीय मानवशास्त्रीय सर्वेक्षण ही केंद्राची संस्था १ डिसेंबर १९४५ ला स्थापन झाली. तिचं मुख्यालय कोलकात्याला आणि मध्य विभागाचं केंद्र नागपूरला आहे. १९८५ मध्ये के. एस. सिंग यांच्या नेतृत्वाखाली याच संस्थेने भारताचे लोक हा प्रकल्प हाती घेतला आणि देशभरातल्या ४,६३५ समाजांची नोंद केली. महाराष्ट्रात पुण्याची आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून काम करते आहे. त्याखेरीज पुणे विद्यापीठाचा मानवशास्त्र विभाग आहे आणि काही महाविद्यालयं. प्राध्यापकीची वाट धरली तर आधी नेट किंवा सेट, मग पीएच. डी., आणि मग अनेकांच्या वाट्याला येतं ते तासिका तत्त्वावरचं शिकवणं. कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती मिळाली तर २०२३ पासून महिना ३७,००० रुपये मिळतात. मग संशोधनाची वर्षं घराला जड जात नाहीत, उलट थोडीफार मदतच होते. पण ती छात्रवृत्ती मिळणारे थोडे. पाटीच्या जागेवर डोळा ठेवून आयुष्य आखलं तर थांबणं अटळ आहे, हे आधीच मान्य केलेलं बरं.

महाराष्ट्रात या विषयाचा पाया घालणाऱ्या इरावती कर्वे यांनाही पाटीची जागा तयार मिळाली नव्हती. १९०५ साली जन्मलेल्या इरावतीबाईंनी बर्लिनला मानवी कवट्यांच्या मोजमापांवर प्रबंध लिहिला. वंशावरून माणसाच्या बुद्धीची प्रतवारी लावू पाहणारा आपल्याच मार्गदर्शकाचा कयास त्यांच्या मोजमापांत टिकला नाही, आणि त्यांनी तसं मांडलं. एवढी तयारी करून परतल्यावर १९३१ ते १९३६ या काळात त्यांनी एसएनडीटी महिला विद्यापीठात कुलसचिवाचं काम केलं. डेक्कन कॉलेजातलं पद आलं १९३९ मध्ये. पुढे भारतातल्या नातेव्यवस्थेवरचा त्यांचा ग्रंथ १९५३ मध्ये निघाला, ‘युगान्त’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, आणि कोयना धरणाने उठवलेल्या कुटुंबांची जाई निंबकर यांच्यासोबत त्यांनी केलेली पाहणी १९६९ मध्ये प्रसिद्ध झाली. या चरित्राकडे नोकरीच्या अंगाने पाहिलं, तर मधली वर्षं त्यांनी नुसती वाट पाहण्यात घालवली नाहीत, वेगळ्या पाटीखाली काम केलं, हे लक्षात येतं. त्याचबरोबर हेही मान्य करायला हवं, की ते विद्यापीठ त्यांच्या सासऱ्यांनी, महर्षी कर्व्यांनी उभं केलेलं होतं आणि घर शिक्षणाला वाहिलेलं होतं. सिल्लोडच्या मुलीला असा आधार नसतो. म्हणून मधल्या वर्षांचं नियोजन तिला आणखी काटेकोरपणे करावं लागेल.

आता दुसऱ्या पाट्यांखालच्या कामाकडे वळू. मराठवाड्यातल्या विद्यार्थ्याला मानवशास्त्र नावाने भेटत नाही, पण व्हॅलिडिटीच्या रूपाने नक्की भेटतं. १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कुमारी माधुरी पाटील खटल्यात जात पडताळणीची पद्धत घालून दिली. दक्षता पथकाने कागदपत्रं तर तपासावीतच, शिवाय जमातीच्या दाव्यात दैवतं, विधी, चालीरीती, लग्नाची पद्धत, अंत्यसंस्काराची पद्धत यांचीही माहिती घ्यावी, असं त्या निर्णयात आहे. हा सरळसरळ मानवशास्त्राचा अभ्यासक्रम आहे. पण शहरात वाढलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलाला कुळाचारातलं एखादं उत्तर आलं नाही, म्हणून त्याचा हक्क जावा का? मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की ही आप्तभाव चाचणी म्हणजे खऱ्याखोट्याची अंतिम कसोटी नाही. चालीरीती बदलतात, माणसं स्थलांतर करतात, शेजाऱ्यांच्या पद्धती उचलतात, हे मानवशास्त्राच्या पहिल्या वर्षाला शिकवतात. विचारणाऱ्याला ते ठाऊक नसेल तर चौकशी म्हणजे पाठांतराची परीक्षा होते. या कामावर चांगला शिकलेला माणूस असणं ही कित्येक घरांच्या भविष्याची बाब आहे.

हे कौशल्य दिसतं कसं, ते एका साध्या कागदावर पाहता येतं. सातमाळा-अजिंठ्याच्या डोंगररांगांत तडवी भिल्लांच्या वस्त्या आहेत. २००६ च्या वनहक्क कायद्याप्रमाणे दावा करायचा तर १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जमीन कसत असल्याचा पुरावा लागतो, आणि दावेदार अनुसूचित जमातीचा नसेल तर तीन पिढ्यांचा रहिवास दाखवावा लागतो. या कायद्याच्या नियमांत पुरावा म्हणून सरकारी कागदांखेरीज जुन्या विहिरी, दफनभूमी, देवस्थानं, गावातल्या वडीलधाऱ्यांचे लेखी जबाब आणि वंशावळसुद्धा चालते. वंशावळ काढणारा माणूस ओट्यावर बसतो आणि कोऱ्या कागदावर पुरुषासाठी त्रिकोण, बाईसाठी वर्तुळ, लग्नासाठी दोन समांतर आडव्या रेघा, आणि वारलेल्या माणसाच्या चिन्हावर तिरपी रेघ, अशा खुणा मांडत जातो. काम सोपं वाटतं. पण ‘तुमचे भाऊ किती?’ असं विचारलं की समोरचा चुलतभाऊ, मावसभाऊ धरून सांगतो. ‘मामेबहीण’ हा शब्द आला की पुढे विचारावं लागतं, कारण महाराष्ट्रातल्या अनेक समाजांत मामाच्या मुलीशी लग्न चालतं, म्हणजे तीच पुढे बायको म्हणून कागदावर दुसऱ्यांदा येऊ शकते. लहानपणी वारलेली मुलं आणि लग्न होऊन गेलेल्या बहिणी सांगायच्या राहून जातात. सासऱ्याचं नाव घ्यायला सून संकोचते, तेव्हा ते शेजारच्या आजीकडून काढावं लागतं. दोन तासांनी त्या कागदावर चार पिढ्या उभ्या राहतात. वकिलाला, तलाठ्याला, वन खात्याला तो कागद वाचता येतो. पण काढता येणं ही शिकलेली कला आहे.

मोठ्या पाहण्यांतही हीच गोष्ट आहे. २०२४ च्या जानेवारीत राज्य मागासवर्ग आयोगाने राज्यभर घरोघरी सर्वेक्षण केलं. लांबलचक प्रश्नावली घेऊन शिक्षक आणि महसूल कर्मचारी दारोदार गेले, आणि दीड कोटीहून अधिक कुटुंबांची माहिती जमा झाली. ३० एप्रिल २०२५ ला केंद्र सरकारने येत्या जनगणनेत जात नोंदवण्याचा निर्णय जाहीर केला. १९३१ नंतर जनगणनेत सर्व जातींची मोजणी होण्याची ही पहिली वेळ. २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयाने हैदराबाद गॅझेटमधल्या नोंदी पुन्हा चर्चेत आल्या. त्या निर्णयावर तीव्र मतभेद आहेत. पण शंभर वर्षांपूर्वी कुणी कुणाला काय विचारलं आणि काय लिहून घेतलं, यावर आजच्या मराठवाड्यातले दाखले अवलंबून आहेत, एवढं कुणीही मान्य करेल. प्रश्न नीट विचारणं आणि उत्तर नीट लिहिणं याचं मोल यापेक्षा ठळकपणे दुसरीकडे क्वचितच दिसेल. असं काम सरकारी पाहण्यांत असतं, भूसंपादनाच्या २०१३ च्या कायद्याने ठरवलेल्या सामाजिक परिणाम मूल्यमापनात असतं, नानाजी देशमुख कृषी संजीवनीसारख्या जागतिक बँकेच्या मदतीने चालणाऱ्या प्रकल्पांत असतं, स्वयंसेवी संस्थांत आणि आरोग्य संशोधनात असतं. त्या जाहिरातींत पदाचं नाव क्षेत्र अन्वेषक, संशोधन सहायक, मूल्यमापन अधिकारी किंवा समुदाय समन्वयक असं असतं. मानवशास्त्रज्ञ हा शब्द शोधत बसलेल्या उमेदवाराला ती जाहिरात दिसूनही दिसत नाही.

या कौशल्याला बाहेरच्या जगातही मोल आहे. २०१४ मध्ये पश्चिम आफ्रिकेत इबोलाची साथ पसरली, तेव्हा मृतदेहाला अंघोळ घालण्याच्या प्रथेतून संसर्ग वाढत होता. पांढऱ्या पोशाखातली पथकं नातेवाइकांना दूर सारून मृतदेह नेऊ लागली, तशी माणसं आजारी लपवू लागली. दफनाच्या विधीतलं काय सोडता येणार नाही आणि काय बदलता येईल हे समजून घ्यायला मानवशास्त्रज्ञांची मदत घेतली गेली, आणि सुरक्षित व सन्मानपूर्वक दफनाची पद्धत ठरली. कंपन्यांनाही ही गरज पटलेली आहे. झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात ल्यूसी सचमन यांनी १९८० च्या दशकात माणसं कॉपी मशीनशी प्रत्यक्ष कशी झगडतात याचा अभ्यास केला. आज मोबाइलवरची अ‍ॅप बनवणाऱ्या कंपन्या वापरणाऱ्यांचा जो अभ्यास करतात, त्याची मुळं अशा कामात आहेत.

यावर पहिला आक्षेप येतो तो स्पर्धा परीक्षेचा. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत मानववंशशास्त्र हा आवडता वैकल्पिक विषय आहे, आणि राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाल्यावर वैकल्पिक विषय तिथेही आला. मग ही पदवी म्हणजे एका दगडात दोन पक्षी नाहीत का? नाहीत. वैकल्पिक विषय घ्यायला त्या विषयाची पदवी लागत नाही. २०१७ च्या परीक्षेत देशात पहिले आलेले अनुदीप दुरिशेट्टी अभियंता होते आणि त्यांचा वैकल्पिक विषय मानववंशशास्त्र होता. लेखी परीक्षेच्या १,७५० गुणांपैकी वैकल्पिक विषयाचे ५००, बाकीचे गुण बाकीच्या अभ्यासाचे. आणि शक्यता किती? २०२३ च्या परीक्षेला अर्ज केलेल्या दहा लाखांवर उमेदवारांपैकी सुमारे ५ लाख ९२ हजार जण पूर्वपरीक्षेला बसले, आणि शेवटी निवड झाली १,०१६ जणांची. परीक्षा द्यावी, जरूर द्यावी. पण तिच्यासाठी म्हणून दोन वर्षांची पदवी घेणं म्हणजे सर्वांत महाग असलेल्या थांबण्यात आणखी भर घालणं आहे.

दुसरा आक्षेप व्यावहारिक आहे. एवढ्या उठाठेवीपेक्षा फार्मसी किंवा इंजिनिअरिंग बरं नाही का? ज्याला त्या विषयांत गती आहे त्याच्यासाठी नक्कीच बरं. पण पदवीवर व्यावसायिक हा शब्द छापलेला असला म्हणजे नोकरी मिळतेच असं नाही. सरकारच्याच श्रमशक्ती पाहणीत २०२२-२३ मध्ये पदवीधरांमधल्या बेरोजगारीचं प्रमाण १३.४ टक्के होतं, म्हणजे एकूण बेरोजगारीच्या कितीतरी पट. हा प्रश्न एका शाखेचा नाही. खासगी महाविद्यालयाची मोठी फी भरून मन नसलेल्या विषयात काठावर पास होणाऱ्याचं नुकसान दुहेरी असतं. तिथे फीही महाग आणि पुढचं थांबणंही. तुलना करायचीच तर विषयांच्या नावांची करू नये. पदवीच्या शेवटच्या दिवशी हाताला कोणतं काम येतं, त्याची करावी.

तिसरा आक्षेप माझ्या मते सर्वांत गंभीर आहे. ज्ञान असं पैशाच्या तराजूत घालावं का? माणसाने माणसाला समजून घेण्याची विद्या, तिचा मेस आणि कॉटच्या भावाशी काय संबंध? हा आक्षेप घेणाऱ्यांची तळमळ खरी आहे. विषयाचं मूल्य त्याच्या पगारावर ठरत नाही, हे मलाही पूर्ण मान्य आहे. पण हिशेब नको म्हणणं त्यालाच परवडतं, ज्याच्या घरी दुसरा आधार आहे. कोरडवाहू मका-कपाशीच्या उत्पन्नावर शिकणाऱ्या मुलीला हिशेब न सांगता उदात्त स्वप्न दाखवलं, तर ती पाचव्या वर्षी घरी परतते. विषयावरचा आणि स्वतःवरचा, दोन्ही विश्वास तिथे संपतात. नुकसान विषयाचंही होतं, कारण मग मानवशास्त्र शिकायला फक्त सुस्थितीतल्या घरांतली मुलं उरतात. गावांचा, वस्त्यांचा, तांड्यांचा अभ्यास करणाऱ्या विद्येत गावातूनच कुणी येऊ नये, ही या विद्येची मोठी हानी ठरेल. सिल्लोडच्या मुलीकडे इथली बोली आहे, कोणत्या घरात कोणाला काय म्हणायचं याची जाण आहे, चुलीपाशी बसून बोलण्याची सहजता आहे. बाहेरून आलेल्या संशोधकाला हे कमवायला महिने लागतात. म्हणून हिशेब करायचा तो तिने हा विषय सोडावा म्हणून नाही, तिला तो शेवटपर्यंत पेलावा म्हणून.

हिशेबातून निघणारी वाट साधी आहे. पहिली पदवी घराजवळ घ्यावी. समाजशास्त्र, भूगोल, अर्थशास्त्र किंवा सांख्यिकी यांपैकी जे सिल्लोडला किंवा संभाजीनगरला मिळेल ते. घरी राहून पदवी घेतली तर शहरात राहण्याची तीन वर्षं वाचतात. त्यानंतर दोन वर्षं मानवशास्त्राला द्यावीत. पुणे विद्यापीठ आहे, हैदराबादचं केंद्रीय विद्यापीठ आहे, आणि संभाजीनगरहून हैदराबादला अजंता एक्स्प्रेस थेट जाते. घर सोडणं शक्य नसेल तर इग्नूचं दूरशिक्षणातलं एम. ए. मानवशास्त्र कोणत्याही शाखेच्या पदवीधराला खुलं आहे. ते नोकरी सांभाळून करता येतं, मग बुडालेल्या कमाईचा रकाना कोराच राहतो. या दोन वर्षांत विषयाच्या जोडीला एक हत्यार हवंच. आकडेमोडीचं सॉफ्टवेअर, नकाशे बनवण्याचं तंत्र, सार्वजनिक आरोग्य किंवा जमीन आणि वनहक्कांचे कायदे यांपैकी एक तरी पक्कं यावं. नुसत्या मानवशास्त्राला दार उघडेलच असं नाही. मानवशास्त्र आणि नकाशा, किंवा मानवशास्त्र आणि सांख्यिकी, ही जोडी असेल तर मात्र क्षेत्रकार्यावर चालणाऱ्या संस्था दार सहज बंद करत नाहीत.

प्रबंधासाठीचं क्षेत्रकार्य आपल्याच तालुक्यात करावं. हंगामात शिवना, आमठाणा या भागातली हिरवी मिरची ट्रक भरभरून परराज्यांत जाते. तोडणीचा दर कोण ठरवतं? टोळीत कोणाची सोय आधी लागते, नात्यातल्या बाईची की जास्त तोडणाऱ्या बाईची? उचल कोण घेतं आणि फेडतं कोण? भाव पडला की आधी कोणाची मजुरी कापली जाते? या चार प्रश्नांवर एका हंगामाच्या नोंदी, पन्नास घरांची माहिती आणि दोन नकाशे असा अहवाल जिच्या हातात आहे, तिला मुलाखतीत आपल्या पदवीचं समर्थन करत बसावं लागत नाही. ती अहवाल पुढे ठेवते आणि वाचणाऱ्याला काम दिसतं.

शेवटची गोष्ट मुदतीची. प्रवेश घेतानाच, घरच्यांसमोर, कागदावर तारीख लिहावी: पदवीनंतर परीक्षांसाठी एक वर्ष, फार तर दीड. त्या तारखेनंतर मिळेल त्या पाटीखाली काम सुरू करायचं, परीक्षा द्यायचीच असेल तर काम करता करता द्यायची. हे वाक्य कठोर वाटेल, पण वरच्या हिशेबातल्या नऊ लाखांपैकी निम्मे तरी याच वाक्याने वाचतात. आणि क्षेत्रात काढलेलं वर्ष या विद्येत कधी वाया जात नाही, कारण या विद्येची प्रयोगशाळाच तिथे असते. इरावतीबाईंच्या मधल्या वर्षांनी त्यांचा विषय हिरावून घेतला नाही. तेव्हा ‘शिकून पोट भरणार का?’ असं विचारणाऱ्या बापाला टोलवायचं कारण नाही. शेतात बी टाकताना तो काढणीचा महिना विचारतो, तसाच तो इथेही विचारतो आहे. प्रवेशाच्या अर्जाबरोबर काढणीचा महिना लिहून दिला, तर हा विषय सिल्लोडच्या घरालाही परवडतो.